आखाड्यावरच्या माणसाला इशारा कोण देणार?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, हिंगोली

महोदय,


पुढील तीन तासांत हिंगोली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा आणि हलका ते मध्यम पाऊस. अशा आशयाचा संदेश हवामान खात्याकडून निघतो आणि जिल्हा आपत्ती कक्षात येतो. तिथून तो तहसीलच्या व्हॉट्सॲप गटात, तहसीलमधून तलाठी-ग्रामसेवकांच्या गटात जातो. (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे आहे, गट मात्र तेच आहेत.) पुढे पोलीस पाटील, सरपंच, एखादा उत्साही शिक्षक. प्रत्येक जण अंगठा दाखवून संदेश पोचल्याची खूण करतो. कागदोपत्री जिल्हा सावध झालेला असतो.

त्याच वेळी सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या रानात आठ-दहा बाया सोयाबीन खुरपत असतात. मोबाइल असलाच तर तो धुऱ्यावरच्या लिंबाखाली, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. आभाळ काळे होते, वारा सुटतो, पहिले थेंब पडतात आणि सगळ्या जणी त्याच लिंबाखाली धावतात. वीज पडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी चाळल्या तर जागा थोड्याफार फरकाने याच निघतात: झाड, धुरा, उघडे रान, शेळ्यांमागे गेलेले पोर, बैल सोडायला शेतातल्या आखाड्यावर गेलेला सालगडी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसे विजेने मेली. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने जेवढे मृत्यू झाले, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त हे विजेचे. पूर, दरड, उष्माघात सगळे तिच्या मागे.

इशारा खोटा नसतो, अडचण त्याच्या आकाराची आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर. हिंगोली जिल्ह्याचे क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटर आहे. एका टोकाला पैनगंगा, दुसऱ्या टोकाला पूर्णा, मधून कयाधू. विजांचा एक ढग यातला फार थोडा भाग व्यापतो आणि तासाभरात विरून जातो. म्हणजे ज्या दिवशी इशारा अगदी बरोबर ठरतो, त्या दिवशीही जिल्ह्यातल्या बहुतेक गावांना तो चुकलेलाच वाटतो. असे दहा इशारे कोरडे गेले की अकराव्याला कोण काम सोडून घरी जाईल? मजुरी रोजाने मिळते. दुपारी तीनला रान सोडले तर अर्ध्या दिवसाचे पैसे कापले जाण्याची भीती असते, आणि विजेची भीती तेवढी ठोस नसते.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. मान्सूनपूर्व आढावा बैठक उन्हाळ्याच्या शेवटी होते. त्यात पूरप्रवण गावांची यादी वाचली जाते, इसापूर, येलदरी, सिद्धेश्वर धरणांच्या विसर्गाचा विषय निघतो, बोटी आणि लाइफ जॅकेट मोजली जातात. हे सगळे हवेच. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात एका रात्रीत पाणी घुसले आणि सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत अतिवृष्टीने जिल्ह्यात काय केले, हे कुणी विसरलेले नाही. पण इथले आभाळ जून ते सप्टेंबर या मुदतीत राहत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपत होती आणि मराठवाडा तिच्या ऐन माऱ्यात होता. एप्रिल-मे वादळी वाऱ्याचे. जूनमध्ये पेरणी आणि वीज एकदमच येतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, तोही कडकडाट करत. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस राज्यभर अवकाळी बरसला, आणि लगेच २०२४ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा गारा. डिसेंबर-जानेवारीचा थोडा अवधी सोडला तर निर्धास्त महिना उरतोच कुठे?

याला भूगोलही कारण आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत हवामान खात्याच्या पत्रकात एक वाक्य वारंवार दिसते: विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत हवेची खंडितता रेषा. म्हणजे एका बाजूने येणारे बाष्पाचे वारे आणि दुसऱ्या बाजूचे कोरडे, तापलेले वारे जिथे समोरासमोर येतात ती पट्टी. ती रेषा बऱ्याचदा हिंगोली-नांदेड-परभणीच्या डोक्यावरून जाते. त्यात दुपारचे चाळीस-बेचाळीस अंश तापमान. ढग उभा वाढत जातो, चार वाजेपर्यंत त्याचा माथा पसरतो आणि मग तो खाली कोसळतो.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात याला ‘चक्रीवादळ’ म्हणतात, आणि पंचनाम्यातसुद्धा कधीकधी तोच शब्द उतरतो. हे चक्रीवादळ नव्हे आणि बहुतेक वेळा भिंगरीसारखे फिरणारे टोर्नॅडोही नव्हे. टोर्नॅडोचे भारतीय उपखंडातले खरे माहेर म्हणजे बंगाल, आसाम आणि बांगलादेश. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरिया भागात अशा एका वावटळीने सुमारे १,३०० माणसे मारली. ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीतल्या मैनागुडीत काही मिनिटांच्या वादळाने घरे जमीनदोस्त केली. हिंगोलीत जे येते ते ढगातून थंड हवेचा लोट सरळ खाली आपटणे. जमिनीवर आदळला की तो चहूकडे पसरतो, त्याची रुंदी कधी दोन-चार किलोमीटरही नसते. म्हणून एका शिवारातली केळी आडवी होते आणि शेजारच्या शिवारात पानही फाटत नाही.

केळीचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडे थांबायला हवे. वसमत तालुक्यातल्या गिरगाव परिसरात केळीच्या बागा आहेत. झाडाचा बुंधा पाण्याने भरलेला, वर घडाचे ओझे, मुळे उथळ. घड पक्व व्हायचे दिवस आणि वादळाचे दिवस एकच. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वेगाच्या वाऱ्याचे संरक्षण आहे, पण नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायला लागते. वादळाने खांब पडलेले, वीज नाही, मोबाइल बंद, आणि शेतकऱ्याने याच तीन दिवसांत ॲपवर फोटो टाकायचा. महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पावसासाठी ते बऱ्यापैकी पुरते. दोन किलोमीटर रुंदीच्या वाऱ्यासाठी मंडळात एक केंद्र म्हणजे बहुतेकदा वारा एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे.

हळदीची गोष्ट वेगळी, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्र आले, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात परजिल्ह्यांतून माल येतो. नऊ महिने जमिनीखाली असलेले हे पीक वाऱ्याला आणि गारांना फारसे भीत नाही. ते बाहेर निघते तेव्हाच नेमके उघडे पडते. फेब्रुवारीपासून काढणी, मग कुकरमध्ये शिजवणी, मग दोन-दोन आठवडे उघड्यावर वाळवण. एकरभर हळकुंडे रानात पसरलेली असतात आणि दुपारी साडेतीनला आभाळ भरून येते. अर्ध्या तासात ती गोळा करून ताडपत्रीखाली घालायला पाच-सहा माणसे लागतात. भिजली की रंग उतरतो, रंग उतरला की भाव उतरतो. इथे तासभर आधी मिळालेल्या अचूक इशाऱ्याची किंमत रुपयांत मोजता येते. पंचनाम्यात मात्र या नुकसानीला बसवणे अवघड, कारण पीक शेतात उभे नव्हते आणि घरातही नव्हते.

आता पत्र्यांकडे वळू. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, आणि त्या दिवशी या भागात प्रशासनाने आवाहन केले की घरांच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. आवाहन योग्यच होते. पण ते दगड लोकांनी हौसेने ठेवलेले नाहीत. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ते तिथे आहेत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे वादळांचे दिवस तोंडावर आलेले असताना, भूकंपासाठी दगड उतरवायचे की वाऱ्यासाठी ठेवायचे? १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला तेव्हा दगड अर्थातच जागेवर होते. आणि वादळातही माणसे बऱ्याचदा पत्र्याने नव्हे, पत्र्यासोबत खाली येणाऱ्या दगडाने जखमी होतात. पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला जे-हुकने, रबरी वायसर घालून, कडेच्या ओळीत जास्त जवळजवळ कसला आणि पाइप भिंतीत नीट पुरला तर दगडाची गरज उरत नाही. एका खोलीचा हा खर्च काही हजारांच्या पुढे जाऊ नये. घरकुलाच्या यादीत नाव नसलेल्या तांड्यांवरच्या आणि वाड्यांवरच्या घरांसाठी एवढे एक काम जिल्ह्याने हाती घेतले, तर भूकंप आणि वादळ दोन्हींवर ते चालेल. आपत्ती व्यवस्थापनात इतका स्वस्त सौदा क्वचित मिळतो.

विजेबाबत लोकांत जे समज आहेत, त्यांना हसून भागणार नाही. पायाळू माणसावर वीज पडते, मामा-भाचे एकत्र असू नयेत, हे आजही सांगितले जाते. पोरगा पायाळू आहे म्हणून त्याला आभाळ आल्यावर घरात ठेवणारी आजी निदान त्या एकाला तरी वाचवते. बाकीच्यांना काय सांगायचे, ते शाळेत आणि ग्रामसभेत एकदाही धड सांगितले गेलेले नाही. आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज इथेही पडू शकते. झाडाखाली थांबलेला माणूस अनेकदा थेट विजेने मरत नाही. झाडात उतरलेला प्रवाह जमिनीतून पसरतो आणि पायांतून वर चढतो. चार पायांत अंतर जास्त असल्याने बैल आणि म्हशी एका ओळीत पडलेल्या दिसतात त्या यामुळे. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड धोक्याची, ट्रॅक्टर धोक्याचा; काचा लावलेली जीप किंवा एसटी त्या मानाने सुरक्षित. शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. एवढे चार नियम रेशन दुकानाच्या भिंतीवर मावतात.

जिल्ह्याला एक अभिमानाची गोष्ट लाभली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींनी सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याचा थरकाप टिपला होता. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, प्रोटॉनहूनही सूक्ष्म हालचाल पकडणारी यंत्रणा. ज्या तालुक्यात ते ऐकू येणार, त्याच तालुक्यात चार किलोमीटरवरचा ढग शेतातल्या बाईला कळवणे, हे विज्ञानाच्या मापाने मुळीच अवघड प्रकरण नाही. वीज कुठे पडते हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे सेन्सर टिपतात आणि त्यावरच ‘दामिनी’ ॲप चालते. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात काय चालले आहे ते दिसते. माहिती तयार आहे, फुकट आहे. फक्त ती स्मार्टफोन, इंटरनेट, चार्जिंग आणि वर बघायची सवड असलेल्या माणसासाठी आहे.

माहिती पोचते कशी, हे समजायला परभणी जिल्ह्यातल्या गुगळी धामणगावच्या, शेतकऱ्यांना हवामानाचे अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांकडे पाहावे. त्यांच्या अंदाजांच्या पद्धतीवर आणि अचूकतेवर हवामानशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. तरी मराठवाड्यात पेरणीआधी ‘डख काय म्हणाले’ हा प्रश्न हवामान खात्याच्या आधी विचारला जातो. कारण ते बोलतात. शेतकऱ्याच्या मराठीत, जिल्ह्यांची-तालुक्यांची नावे घेऊन, व्हॉट्सॲपवर ऐकता येईल असे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला काढते, तो अभ्यासू असतो आणि वाचायला लागतो. जिल्हा पातळीवर हे काम करणारे १९९ कृषी हवामान घटक देशभरात २०२४ मध्ये बंद केले गेले. सरकारने मोकळी केलेली जागा रिकामी राहत नसते.

इशारा छोटा करणे शक्य आहे. अमेरिकेत टोर्नॅडोचा इशारा पूर्वी अख्ख्या कौंटीला दिला जाई. ऑक्टोबर २००७ पासून तिथल्या हवामान सेवेने नकाशावर वादळाच्या वाटेपुरता बहुभुज आखून तेवढ्याच भागाला इशारा द्यायला सुरुवात केली. इतके लांब जायचे नसेल तर आंध्र प्रदेश फार दूर नाही. तिथले आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण विजेचा इशारा मंडलांची नावे घेऊन देते. हिंगोलीतही सुमारे ३० महसूल मंडळे आहेत. ‘हिंगोली जिल्हा’ याऐवजी ‘आखाडा बाळापूर, वारंगा, डोंगरकडा परिसर, पाऊण तास’ असा इशारा निघाला, तर त्याला वजन येईल.

आणि तो पोचवायचे साधनही सगळ्यांनी ऐकलेले आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर दूरसंचार विभागाने चाचणी घेतली तेव्हा देशभरातले फोन एकदम किंचाळले होते. ॲप नव्हते, नंबर नोंदवलेला नव्हता, टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर संदेश उमटला होता. टॉवरनिहाय संदेश म्हणजे मंडळनिहाय इशाराच. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी गावात हरिपाठ आणि अजान ज्या भोंग्यांवरून होते ते आहेतच. नरसी नामदेवच्या जिल्ह्यात माळकऱ्यांच्या भोंग्यावरून ‘बायांनो, झाडाखालून निघा’ एवढे सांगायला कुणाची हरकत असणार नाही.

पैशांचे कारण देता येण्यासारखे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीतला २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, वेगळा काढला. वीज पडून माणूस गेला तर वारसांना चार लाख मिळतात, बैल गेला तर २०२२ च्या निकषांप्रमाणे ३२ हजार, आणि बाजारात जोडीला लाखाच्या पुढे मोजावे लागतात. मेल्यानंतरची ही गणिते कुणी नाकारत नाही. ग्रामपंचायतीच्या छतावर वीजरोधक बसवण्याचीही हौस आहे. पण तो ती इमारत आणि तिचा लगतचा परिसर सांभाळतो, दोन किलोमीटरवरच्या शिवाराला त्याचा काही उपयोग नाही. वीज दुपारी चारला पडते तेव्हा ग्रामपंचायतीत सहसा कुणी नसते. त्याऐवजी पाणंद रस्त्यांच्या कडेला, मजूर जिथे जास्त जमतात अशा शिवारांत, लोखंडी सांगाड्याचे आणि नीट अर्थिंग केलेले बंदिस्त निवारे उभारले तर पैसा रानात पोचेल. बायांना एरवीही तिथे बसून भाकर खाता येईल.

तेव्हा आपल्याकडे मागणी एवढीच. विजेचे, वाऱ्याचे आणि गारांचे इशारे मंडळनिहाय द्यावेत आणि टॉवरवरून व भोंग्यावरून पोचवावेत. इशारा मिळाल्यावर रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांना मजुरी न कापता सोडण्याचे लेखी आदेश द्यावेत. खाजगी शेतमालकही मग त्याच वाटेने येतील. पत्र्यांच्या घरांना हुक मारण्याचे काम यंदाच्या जिल्हा वार्षिक योजनेत घ्यावे. वाळत घातलेल्या हळदीचा पंचनामा कसा करायचा, याच्या सूचना तलाठ्यांना काढणीआधी द्याव्यात. गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यात वीज पडून गेलेल्या प्रत्येक माणसाची जागा, वेळ आणि तो काय करत होता, ही नोंद मंडळनिहाय नकाशावर लावून जाहीर करावी. ही सगळी प्रकरणे तहसीलच्या कपाटांत मदतीच्या प्रस्तावांना जोडलेली पडून आहेत.

आणि आढावा बैठक मे महिन्यापर्यंत थांबवू नये. गारा फेब्रुवारीत येतात, ती जानेवारीत बोलवावी.

कळावे,
हिंगोली जिल्ह्यातील एक नागरिक